जॉन लोगी बेअर्ड : दूरचित्रवाणीचा एक आद्य प्रवर्तक

विद्यार्थिमित्रहो, सायंकाळीं अभ्यास आटोपून तुम्ही घरांतील दूरचित्रवाणीसमोर बसतां, तेव्हां शेंकडों कोस दूर चाललेला क्रिकेटचा सामना तुम्हांला घरबसल्या दिसतो. गोलंदाजाच्या कपाळावरचा घाम, चेंडूची शिवण, प्रेक्षकांतील एखाद्या मुलाच्या हातांतील कागदी झेंडा, हें सारें इतकें स्वच्छ दिसतें कीं, आपण मैदानाच्या कडेलाच उभे आहों असा भास व्हावा. हें चित्र कोणाच्या घरीं छपरावरील डिशमधून येतें, कोणाच्या घरीं केबलनें येतें, तर कोणाच्या घरीं इंटरनेटच्या मार्गानें येतें. अशा सुस्पष्ट चित्राला हाय डेफिनिशन असें म्हणतात. हें नांव अगदीं नवें आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु निदान १९३५ सालापासून तें सरकारी कागदांत रुळलेलें आहे. त्या काळीं तो मान मिळविण्यासाठीं जे झगडले, त्यांत सदा सर्दीखोकल्यानें गांजलेला, अशक्त प्रकृतीचा एक स्कॉटिश गृहस्थ होता. तो त्या झगड्यांत हरला. आज आम्ही त्या हरलेल्या माणसाचेंच चरित्र वाचकांस सादर करीत आहों. जिंकलेल्यांचीं चरित्रें सर्वत्र वाचावयास मिळतात. हरल्यावर माणसानें काय करावें, हें शिकावयाचें असेल तर बेअर्डसारख्यांकडेच गेलें पाहिजे.

जॉन लोगी बेअर्ड याचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजीं स्कॉटलंडांतील हेलेन्सबरो या गांवीं झाला. क्लाइड नदीच्या मुखाजवळ वसलेलें हें टुमदार गांव ग्लासगो शहरापासून फारसें दूर नाहीं. वडील तेथील सेंट ब्राइड्स चर्चचे धर्मोपदेशक होते. आई ग्लासगोंतील जहाजें बांधणाऱ्या एका घराण्यांतील होती. चार भावंडांत जॉन सर्वांत धाकटा. अगदीं लहानपणींच त्याला एक मोठें दुखणें आलें आणि तेव्हांपासून त्याच्या प्रकृतीनें त्याला जन्मभर कधींच पुरती साथ दिली नाहीं. थंडीवाऱ्याचा त्याला फार त्रास होई आणि हिवाळा आला कीं आठवडेच्या आठवडे अंथरुणांत काढावे लागत.

शरीर दुर्बळ असलें तरी त्याचें डोकें व हात स्वस्थ बसणारे नव्हते. शाळेंत असतांनाच त्यानें आपल्या घरापासून रस्त्यापलीकडील मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून एक छोटें टेलिफोन केंद्र उभारलें. त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. एका वादळी रात्रीं त्यांतील एक तार खालीं लोंबली आणि रस्त्यानें चाललेल्या घोडागाडीच्या गाडीवानास अडकून तो बिचारा आसनावरून खालीं आला. तक्रार झाली आणि मुलांचें टेलिफोन केंद्र बंद पडलें. दुसरा एखादा मुलगा हिरमुसला होऊन बसला असता. जॉननें तें सामान उचलून दुसऱ्या कामास लावलें. घरींच विजेचें छोटें यंत्र बसवून त्यानें वडिलांच्या घरांत विजेचे दिवे लावले. हाच स्वभाव आपणांस त्याच्या सबंध आयुष्यांत दिसून येईल.

पुढें ग्लासगोंतील तांत्रिक महाविद्यालयांत त्याचें शिक्षण झालें. तेथें जॉन रीथ नांवाचा दुसरा एक धर्मोपदेशकाचा मुलगा त्याच वेळीं शिकत होता. हा रीथ पुढें बी. बी. सी. या ब्रिटिश ध्वनिक्षेपण संस्थेचा प्रमुख झाला आणि बेअर्डच्या भाग्याच्या किल्ल्या पुष्कळ अंशीं त्याच्या हातीं गेल्या. पण तें पुढें येईलच. बेअर्डनें नंतर ग्लासगो विद्यापीठांत नांव घातलें; तेवढ्यांत १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें व पदवीचें शिक्षण अपुरें राहिलें. सैन्यांत जावें म्हणून तो गेला, परंतु प्रकृतीच्या कारणानें त्याला नाकारण्यांत आलें. मग एका वीजकंपनींत त्यानें नोकरी धरली.

या नोकरींतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. कोळशापासून कृत्रिम हिरे करावे, अशी कल्पना त्याच्या मनांत आली. कार्बनची कांडी काँक्रीटमध्यें पुरून तिच्यांतून त्यानें वीजघरांतील प्रचंड प्रवाह सोडला. हिरा कांहीं मिळाला नाहीं. मात्र ग्लासगोच्या कांहीं भागाचा वीजपुरवठा बंद पडला. वरिष्ठांची मर्जी त्यामुळें खप्पा झाली हें सांगावयास नकोच. पुढें त्यानें नोकरी सोडून निरनिराळे व्यापार केले. पाय उबदार व कोरडे राहावेत म्हणून औषधी पूड लाविलेले आंतले मोजे त्यानें विकले. त्यांत त्याला बरे पैसे मिळाले. हवापालटासाठीं वेस्ट इंडीज बेटांपैकीं त्रिनिदादला जाऊन तेथील फळांचा मुरंबा करण्याचा कारखाना त्यानें काढला. पण कढईंत फळांपेक्षां किडेच अधिक पडूं लागले. लंडनला परतून त्यानें मध विकला, साबण विकला. प्रत्येक धंदा थोडा वर आला न आला तोंच दुखणें येई आणि धंदा सोडावा लागे.

अशा स्थितींत १९२३ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, बेअर्ड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गांवीं हवेसाठीं जाऊन राहिला. जवळ पैसा नाहीं, हातीं धंदा नाहीं, शरीरांत बळ नाहीं. दूरचें दृश्य विजेच्या साहाय्यानें घरीं आणण्याचें जुनें स्वप्न मात्र मनांत जागें होतें, आणि त्यानें आतां तेंच काम हातीं घेतलें.

हें काम कसें होणार, तें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पौल निप्को नांवाच्या जर्मन विद्यार्थ्यानें १८८४ सालीं एका चकतीचें पेटंट घेतलें होतें. या चकतीच्या कडेजवळ शंखाच्या वळशाप्रमाणें ओळीनें भोकें पाडलेलीं असतात. चकती फिरूं लागली कीं प्रत्येक भोंक समोरील दृश्यावरून एकेक रेषा ओढल्याप्रमाणें जातें. आपण पुस्तक ओळीओळीनें वाचतों, तसें हें यंत्र दृश्य रेषारेषांनीं वाचतें. भोकांतून आलेला उजेड कमीअधिक होईल त्या मानानें विजेचा प्रवाह कमीअधिक होतो. तो प्रवाह दूर पाठवावयाचा, तेथें त्यानें एक दिवा कमीअधिक तेजानें पेटवावयाचा आणि त्याच गतीनें फिरणाऱ्या दुसऱ्या चकतींतून तो दिवा पाहावयाचा. चकती पुरेशी वेगानें फिरली तर डोळ्याला वेगळ्या रेषा न दिसतां सबंध चित्र दिसतें. कागदावर हें सोपें होतें; परंतु चाळीस वर्षें कोणालाही त्यापासून माणसाचा चेहरा उमटवितां आला नव्हता.

बेअर्डचें पहिलें यंत्र म्हणजे अडगळीच्या खोलीचें प्रदर्शनच होतें. टोप्या ठेवण्याचा खोका, चहाची पेटी, रफू करण्याच्या सुया, सायकलच्या दिव्याचीं भिंगें, लाख आणि सरस, असल्या वस्तूंतून तें उभें राहिलें. या यंत्रानें त्यानें एका क्रुसाकृति वस्तूची सावली कांहीं फूट अंतरावर पोंचविली. १९२४ च्या जुलै महिन्यांत हजार व्होल्टांहून अधिक दाबाचा धक्का बसून तो दूर फेंकला गेला. हात भाजले, पण जीव वाचला. घरमालकानें मात्र जागा सोडण्यास सांगितलें. तेव्हां आपला सारा पसारा उचलून तो लंडनला गेला आणि सोहो भागांतील फ्रिथ स्ट्रीटवर माळ्यावरच्या खोल्या भाड्यानें घेऊन राहिला.

१९२५ च्या मार्चमध्यें सेल्फ्रिजच्या मोठ्या दुकानांत त्यानें तीन आठवडे आपलें यंत्र लोकांस दाखविलें. लोकांना अंधुक आकृतींपलीकडे कांहीं दिसलें नाहीं. पण पोटाला थोडे पैसे मिळाले. नंतर २ ऑक्टोबर १९२५ हा दिवस उजाडला. बोलक्या बाहुल्यांच्या खेळांतील स्टूकी बिल नांवाच्या एका बाहुल्याचें डोकें त्यानें यंत्रापुढें ठेविलें होतें. कारण यंत्राला लागणारा प्रखर उजेड माणसाला सोसवत नसे. त्या दिवशीं प्रथमच दुसऱ्या खोलींतील पडद्यावर डोळे, नाक व तोंड यांच्या छायांसह तें डोकें ओळखतां आलें. बेअर्ड धांवतच जिना उतरून खालच्या मजल्यावरील कचेरींत गेला आणि तेथील एका तरुण नोकरास वर ओढून घेऊन आला. त्याला यंत्रासमोर बसवून पाहतो तों पडदा कोरा! दिव्यांच्या झळीला भिऊन तो पोरगा मागें सरकला होता. त्याच्या हातावर अर्धा क्राऊन ठेवल्यावर तो जागेवर बसला आणि त्याचा चेहरा पडद्यावर उमटला. २६ जानेवारी १९२६ रोजीं रॉयल इन्स्टिट्यूशनचे सुमारे ४० सभासद त्या अरुंद जिन्यानें वर चढले आणि त्यांनीं हा चमत्कार डोळ्यांनीं पाहिला. जिवंत माणसाचा चेहरा छायांसह दूरवर दाखविण्याचें असें जाहीर प्रात्यक्षिक जगांत हें पहिलेंच होय.

यापुढील तीनचार वर्षें बेअर्डच्या कीर्तीचीं वर्षें होतीं. १९२७ सालीं लंडनहून ग्लासगोपर्यंत ४३८ मैल टेलिफोनच्या तारेनें त्यानें चित्र पाठविलें. १९२८ च्या फेब्रुवारींत बिनतारी लहरींनीं तें अटलांटिक महासागर ओलांडून न्यू यॉर्कजवळील हार्टस्डेल येथें पोंचलें. त्याच सालीं भर समुद्रांत असलेल्या बेरेंगेरिया या जहाजावरील बिनतारी अधिकाऱ्यास लंडनमध्यें बसलेल्या आपल्या वाग्दत्त वधूचा चेहरा पाहतां आला. ३ जुलै १९२८ रोजीं बेअर्डनें रंगीत चित्राचें प्रात्यक्षिकही करून दाखविलें. ग्रामोफोनच्या तबकडीवर गाण्याप्रमाणें चित्र कोरून ठेवण्याचाही त्यानें १९२७ पासून प्रयत्न केला. त्या काळीं त्या तबकड्या वाजवून नीट चित्र मिळालें नाहीं. पण पुढें संगणकाच्या मदतीनें संशोधकांनीं त्यांतील चित्रें बाहेर काढलीं आणि त्या वेळचे चेहरे पुन्हां हलूं लागले. शिवाय बारीक नळ्यांच्या किंवा पारदर्शक कांड्यांच्या जुडग्यांतून चित्र नेण्याचें एक पेटंटही त्याच्या नांवावर आहे.

३० सप्टेंबर १९२९ रोजीं बी. बी. सी.च्या प्रक्षेपकावरून बेअर्डच्या चित्रांचें प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालें. आरंभीं एकच प्रक्षेपक मिळे. म्हणून प्रथम माणसाचें मुकें चित्र दाखवीत आणि मग त्याचा आवाज ऐकवीत! ३१ मार्च १९३० पासून चित्र व आवाज एकाच वेळीं जाऊं लागले. त्याच वर्षीं एक लहान नाटक आणि १९३१ सालीं डर्बीची प्रसिद्ध घोड्यांची शर्यत लोकांनीं घरीं बसून पाहिली.

परंतु वाचकांनीं येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी, कारण सर्व चरित्राचें मर्म तींत आहे. बेअर्डचें चित्र ३० रेषांचें होतें. प्रत्येक रेषेवर सुमारे ७० ठिपके धरले तर सबंध चित्रांत ठिपके झाले २१००. एवढ्या ठिपक्यांत एक चेहरा ओळखतां येई. गर्दी किंवा दूरचा चेंडू दिसणें शक्य नव्हतें. मग रेषा वाढवाव्यात हें उघड होतें. पण रेषा दुप्पट केल्या कीं ठिपके चौपट होतात, आणि तेवढा माल वाहून नेणारी वाट हवी. गाण्याभाषणासाठीं आंखलेल्या मध्यम लहरींच्या वाटेनें ३० रेषांचें चित्र कसेंबसें जाई. एका बैलगाडीपुरत्या पाणंदीतून चार गाड्या जोडीनें कशा जाणार? अत्यंत आंखूड लहरी वापरल्या तर रुंद रस्ता मिळतो. पण त्या लहरी उजेडासारख्या सरळ जातात आणि क्षितिजापलीकडे सहसा पोंचत नाहींत. म्हणजे चित्र चांगलें हवें असेल तर तें थोड्याच घरीं जाणार, आणि पुष्कळ घरीं हवें असेल तर तें अंधुक असणार. सुस्पष्ट चित्र निर्माण करणें आणि तें घरोघर पोंचविणें, अशीं हीं दोन कोडीं एकमेकांत गुंतलेलीं आहेत. आजपर्यंतच्या दूरचित्रवाणीचा इतिहास म्हणजे हीं दोन कोडीं सोडविण्याचाच इतिहास होय.

दरम्यान दुसरे लोकही स्वस्थ बसले नव्हते. फिरत्या चकतीऐवजीं नळींतील इलेक्ट्रॉनांच्या झोतानें चित्र वाचावें, ही कल्पना कॅम्बेल स्विंटन या स्कॉटिश अभियंत्यानें १९०८ सालींच मांडली होती. जपानमध्यें ताकायानागी, अमेरिकेंत फार्न्सवर्थ आणि झ्वोरिकिन हे त्या मार्गानें चालले होते. इंग्लंडमध्यें आयझॅक शोनबर्ग याच्या नेतृत्वाखालीं मार्कोनी-ई. एम. आय. या कंपनीचे शास्त्रज्ञ तोच मार्ग घेऊन पुढें आले. चकती कितीही मोठी केली, कितीही वेगानें फिरविली, तरी तिला मर्यादा होती; इलेक्ट्रॉनांना वजन नसल्यासारखेंच. बेअर्डला हें उशिरां उमगलें. ज्या चकतीनें त्याला हातीं धरून वर आणिलें, तिचा हात त्याला लवकर सोडवला नाहीं. हा त्याचा दोष आम्ही लपवूं इच्छीत नाहीं.

१९३४ सालीं ब्रिटिश सरकारनें लॉर्ड सेल्सडन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. जानेवारी १९३५ मध्यें तिनें असा अहवाल दिला कीं, यापुढें लोकांसाठीं हाय डेफिनिशन सेवा सुरू करावी. त्या चित्रांत निदान २४० रेषा असाव्यात आणि सेकंदाला निदान २५ चित्रें जावींत. आणि दोन्ही कंपन्यांच्या पद्धति आळीपाळीनें चालवून पाहाव्यात. लंडनच्या उत्तरेस टेकडीवर असलेल्या अलेक्झांड्रा पॅलेसवर उंच खांब उभारण्यांत आला. २ नोव्हेंबर १९३६ रोजीं सेवेचें उद्घाटन झालें. प्रथम कोणी जावें यासाठीं नाणें उडविलें गेलें आणि कौल बेअर्डच्या बाजूनें पडला. नाण्यानें दिलेला कौल यंत्रांना मात्र टिकवितां आला नाहीं.

बेअर्डच्या कंपनीचें चित्र २४० रेषांचें होतें; प्रतिस्पर्ध्यांचें ४०५ रेषांचें. बेअर्डच्या पद्धतींत दृश्याची प्रथम फिल्म घेत, ती मिनिटभराच्या आंत विषारी रसायनांत धुवून काढीत आणि ओली असतांनाच चकतीनें वाचीत. पाण्याच्या नळांनीं व टाक्यांनीं जखडलेला तो कॅमेरा जागचा हलूं शकत नसे. दुसऱ्या पद्धतींत गायकाला अंधाऱ्या खोलींत लुकलुकणाऱ्या झोतापुढें उभें राहावें लागे. उलट, मार्कोनी-ई. एम. आय.चा एमिट्रॉन कॅमेरा आंतबाहेर कोठेंही नेतां येई. फार्न्सवर्थचा इलेक्ट्रॉन कॅमेरा परवाना घेऊन वापरण्याचा यत्न बेअर्डच्या कंपनीनें केला. पण तेवढ्यांत ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्रीं लंडनच्या दक्षिणेकडील प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेस आगींत भस्मसात् झाला. बेअर्डच्या कंपनीच्या प्रयोगशाळा तेथेंच होत्या. जानेवारी १९३७ च्या अखेरीस बेअर्डचें प्रक्षेपण थांबलें आणि ४०५ रेषांची पद्धति कायम झाली. ती इतकी पक्की होती कीं, ब्रिटनमध्यें १९८५ सालापर्यंत टिकली.

सोहोंतील माळ्यावर उपाशी राहून ज्यानें पहिला चेहरा उमटविला, त्याच्या यंत्रांना देशाच्या सेवेंत जागा उरली नाहीं. यांत अन्याय झाला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्याचें चित्र अधिक चांगलें, त्याची निवड करणें हेंच परीक्षकांचें कर्तव्य होतें, आणि तें त्यांनीं केलें. पण परीक्षा एका यंत्राची झाली होती. माणसाची परीक्षा अजून व्हावयाची होती.

वाचकहो, वादळांत तार तुटल्यावर त्या मुलानें काय केलें होतें, तें आठवा. बेअर्डनें आतां तेंच केलें. ४ फेब्रुवारी १९३८ रोजीं त्यानें क्रिस्टल पॅलेसच्या जागेवरून लंडनच्या डोमिनियन थिएटरांतील मोठ्या पडद्यावर रंगीत चित्र पाठवून दाखविलें. १ सप्टेंबर १९३९ रोजीं युद्धाच्या सावटांत दूरचित्रवाणी सेवा बंद झाली. कंपनी दिवाळखोरीच्या मार्गाला लागली, नोकर पांगले, पत्नी मार्गारेट व दोन मुलें सुरक्षिततेसाठीं लंडनबाहेर राहूं लागलीं. लंडनवर बॉम्ब पडत असतां बेअर्ड सिडनहॅम येथील घरांतील प्रयोगशाळेंत दोनतीन मदतनिसांसह, पदरचा पैसा खर्चून, काम करीत राहिला. १९४१ सालीं त्यानें ६०० रेषांचें रंगीत चित्र दाखविलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खोली भासविणारें रंगीत चित्रही. १६ ऑगस्ट १९४४ रोजीं त्यानें टेलिक्रोम नांवाची रंगीत चित्राची नळी वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना दाखविली. तींत फिरती चकती मुळींच नव्हती. सर्व काम इलेक्ट्रॉनांचेंच. जिच्या मोहानें तो हरला होता ती चकती त्यानें अखेर स्वतःच्या हातांनीं बाजूला ठेविली होती. छप्पन्न वर्षांच्या वयांत, आजारी शरीरानें, आपली आवडती कल्पना टाकून देऊन प्रतिस्पर्ध्याची खरी कल्पना उचलणें, याला जें धैर्य लागतें तें बॉम्बखालीं उभें राहण्याच्या धैर्याहून कमी नव्हे.

युद्धानंतरची दूरचित्रवाणी कशी असावी, हें ठरविण्यासाठीं १९४३ सालीं लॉर्ड हॅन्की यांची समिति बसली. तिच्यापुढें बेअर्डनें आग्रहानें सांगितलें कीं, ४०५ रेषांवर समाधान न मानतां देशानें सुमारे १००० रेषांचें रंगीत चित्र हें ध्येय ठेवावें. समितीनें प्रथम ४०५ रेषांचीच सेवा पुन्हां सुरू करण्याची शिफारस केली, पण हजार रेषांच्या चित्रासाठीं संशोधन करावें असेंही लिहिलें. उद्ध्वस्त झालेल्या देशापाशीं तेव्हां पैसा नव्हता आणि तेवढें चित्र घरोघर नेण्यास वाटही नव्हती. ७ जून १९४६ रोजीं बी. बी. सी.ची दूरचित्रवाणी पुन्हां सुरू झाली. त्यानंतर एका आठवड्यानें, १४ जून १९४६ रोजीं, समुद्रकांठच्या बेक्सहिल या गांवीं बेअर्ड वारला. त्याचें वय ५७ वर्षांचें होतें. हेलेन्सबरो येथें आईवडिलांच्या शेजारीं त्याला मूठमाती देण्यांत आली.

आतां त्याच्या हजार रेषांचें पुढें काय झालें, तें सांगितलें पाहिजे. जपानच्या एन. एच. के. या संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ११२५ रेषांची पद्धति तयार केली आणि १९८९ सालीं उपग्रहावरून तिचें रोजचें प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केलें. उपग्रह इतका उंच असतो कीं क्षितिजाची अडचण उरत नाहीं. अलेक्झांड्रा पॅलेसचा खांब जणूं आकाशांत हजारों मैल उंच नेऊन ठेविला. मात्र मालाची अडचण राहिलीच. आजच्या पूर्ण सुस्पष्ट चित्रांत १०८० रेषा असून प्रत्येकीवर १९२० ठिपके असतात. म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके, बेअर्डच्या सुमारे हजारपट! प्रत्येक ठिपक्याचे तीन रंग अंकांत लिहून सेकंदाला २५ चित्रें पाठवावयाचीं म्हटलीं तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी शून्य-एक पाठवावे लागतील. एवढी रुंद वाट कोठून आणावयाची?

येथें गणित धांवून आलें. चित्राचा बराचसा भाग एकसारखा असतो आणि एका चित्रांतून दुसऱ्या चित्रांत थोडेंच बदलतें. मग जें बदललें तेवढेंच पाठवावें, आणि डोळ्याला जें जाणवत नाहीं तें गाळावें. यासाठीं वापरण्यांत येणारी एक मुख्य गणिती युक्ति, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, भारतांत जन्मलेले शास्त्रज्ञ नसीर अहमद यांनीं दोन सहकाऱ्यांसह १९७४ सालीं प्रसिद्ध केली. अशा युक्त्यांनीं १२४ कोटींचा भार एक कोटीच्या आसपास येतो. पाणंद रुंद करण्याऐवजीं मालच दाबून लहान केला! १९९८ सालीं अमेरिकेंत जमिनीवरील प्रक्षेपकांवरून अशीं अंकरूप सुस्पष्ट चित्रें घरोघर जाऊं लागलीं. आमच्याकडे मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, तें कृष्णधवल चित्रांनीं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळीं देशांत रंग आला आणि २०१० च्या दिल्लींतील राष्ट्रकुल खेळांच्या वेळीं दूरदर्शननें सुस्पष्ट चित्र दाखविलें.

सर्वांत नवी वाट इंटरनेटची. तींत चित्रपटाचे कांहीं सेकंदांचे लहान तुकडे करितात आणि प्रत्येक तुकडा कमीअधिक सुस्पष्टतेच्या अनेक प्रतींत तयार ठेवितात. तुमच्या घरची वाट मोकळी असेल तर यंत्र चांगली प्रत मागवितें. गर्दी झाली तर हलकी. म्हणूनच मोबाईलवर चित्र मधून मधून अंधुक होऊन पुन्हां स्वच्छ होतें. हे तुकडे पुष्कळ अंतर कांचेच्या केंसासारख्या तंतूंतून उजेडाच्या रूपानें येतात. एकेकाळीं टेलिफोनच्या तारेनें ग्लासगोला चित्र नेणारा आणि पारदर्शक कांड्यांतून चित्र नेऊं पाहणारा बेअर्ड हें पाहून चकित झाला असता कीं नुसता हंसला असता, याचा तर्क वाचकांनींच करावा.

बेअर्ड हा दूरचित्रवाणीचा एकटा जनक होता, असें आम्ही म्हणत नाहीं. निप्को, ताकायानागी, फार्न्सवर्थ, झ्वोरिकिन, शोनबर्ग आणि नांवें न उरलेले शेंकडों कारागीर यांच्या हातून हें काम झालें. आज आपल्या घरांतील यंत्रांत बेअर्डच्या चकतीचा मागमूसही नाहीं. परंतु चित्र अधिक सुस्पष्ट असावें, रंगीत असावें आणि तें प्रत्येक घरीं पोंचावें, हा त्याचा ध्यास पुरा झाला आहे. मार्ग चुकला तरी ध्येय चुकलें नव्हतें. आणि ध्येयासाठीं त्यानें अखेर आपला मार्गही बदलला.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेंत, खेळांत किंवा स्पर्धेंत आज ना उद्यां तुमच्याही वांट्याला हार येईल. त्या वेळीं दोन प्रश्न मनाला विचारा. माझें ध्येय चुकलें, कीं केवळ रीत चुकली? आणि रीत चुकली असेल तर ती टाकून देण्याइतकें मन मजपाशीं आहे काय? पालकांसही आमची एक विनंति आहे. घरांत एखादें मूल तारा, खोके, जुनीं भिंगें जमवून पसारा मांडूं लागलें तर विजेच्या धोक्यापासून त्याला अवश्य जपा; पण तो पसारा एकदम उचलून फेंकूं नका. एका चहाच्या पेटींतून आणि रफूच्या सुयांतून काय निघालें, तें आपण रोज सायंकाळीं पाहतच आहों.